भूर्जवृक्षाच्या देशांतील घरें

युरोपच्या नकाशाच्या अगदीं माथ्यावर नॉर्वे, स्वीडन व फिनलंड हे तीन देश आहेत. या देशांतील खुर्च्या, मेजें, सतरंज्या, दिवे व काचेचीं भांडीं यांचा आज जगभर मोठा बोलबाला आहे. स्वीडनमध्यें जन्मलेल्या आयकिया या कंपनीचें दुकान २०१८ सालीं हैदराबादेस व २०२० सालीं नवी मुंबईंत निघालें. तेव्हां आपल्या शहरांतील घरांनाहि या घडणीची ओळख आतां झालेली आहे. फिकट रंगाचें लांकूड, सरळ रेषा, कोरीवकामाचा अभाव आणि एकंदर सुटसुटीतपणा पाहून कोणासहि प्रथम वाटावें कीं, ही एक नवी टूम आहे. परंतु ती टूम नव्हे. तिच्या मागें शेंकडों वर्षांची थंडी आहे, काळोख आहे, दारिद्र्य आहे, आणि या तिन्हींशीं घरांतल्या माणसांनीं घातलेला झगडा आहे. त्या झगड्यांतून कोणत्या कला जन्मास आल्या, त्या मरणाच्या दारीं कशा पोंचल्या आणि तेथून त्यांस कोणीं परत आणलें, याची थोडी हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रथम तेथील निसर्ग पाहूं. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १९ अंशांवर आहे. स्टॉकहोम ५९ अंशांवर, तर हेलसिंकी ६० अंशांवर. डिसेंबर महिन्यांत स्टॉकहोम येथें सूर्य सकाळीं पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारचे तीन वाजण्यापूर्वींच मावळतो. आणखी उत्तरेस लॅपलंडांत गेलें म्हणजे तर कित्येक आठवडे सूर्यबिंब क्षितिजावर येतच नाहीं. याच्या उलट जून महिन्यांत रात्र जवळजवळ नाहींशी होते. आपल्याकडे ऊन ही टाळण्याची वस्तु आहे. ओटी, पडवी, वाळ्याचे पडदे, जाड भिंती हें सर्व आपण उन्हाला बाहेर ठेवण्यासाठीं योजिलें. तिकडे ऊन ही जपून वापरण्याची वस्तु आहे. खिडकीवाटे आलेला थोडासा उजेड खोलीच्या कोपऱ्यापर्यंत पोंचावा म्हणून भिंती पांढऱ्या, लांकूड फिकट आणि पडदे विरळ ठेवावयाचे, हा त्या घराचा पहिला नियम. आज ज्याला आपण उत्तरेकडील अभिरुचि म्हणतों तिचा अर्धा भाग या एका नियमांत आला.

दुसरी गोष्ट म्हणजे अरण्य. फिनलंडची सुमारें तीन चतुर्थांश भूमि व स्वीडनची सुमारें दोन तृतीयांश भूमि अरण्यानें व्यापलेली आहे. शेतीचा हंगाम मात्र आंखूड. पेरणीपासून कापणीपर्यंतचीं सर्व कामें चारपांच महिन्यांत उरकावीं लागतात. उरलेल्या काळांत बाहेर हिम, घरांत चूल आणि हाताशीं लांकूड, लोकर व जवसाचें सूत. अशा स्थितींत पुरुषानें चमचे, डबे व खुंट्या कोराव्या, बाईनें मागावर बसावें, मुलांनीं दोघांचें पाहून शिकावें, हें आपोआपच घडलें. तेथील गृहकला राजवाड्यांत जन्मली नाहीं. ती हिवाळ्याच्या संध्याकाळीं शेतकऱ्याच्या चुलीभोवतीं जन्मली.

त्या अरण्यांत पाईन, स्प्रूस व बर्च हीं झाडें मुख्य. पैकीं बर्च म्हणजे आपल्या हिमालयांतील भूर्जवृक्षाचा उत्तरेकडील भाऊबंदच होय. ‘भूर्ज’ हा संस्कृत शब्द व ‘बर्च’ हा इंग्रजी शब्द एकाच प्राचीन मुळापासून निघाले असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. भूर्जाच्या सालीवर लिहीत असत ही गोष्ट कालिदासानें कुमारसंभवाच्या पहिल्याच सर्गांत वर्णिली आहे, आणि काश्मीरांतील जुन्या पोथ्या भूर्जपत्रांवर लिहिलेल्या आढळतात. आपण या सालीची पोथी केली. उत्तरेकडील माणसानें तिचें अर्धें घर केलें. ही साल कुजत नाहीं व तिच्यांतून पाणी झिरपत नाहीं. म्हणून छपरावर प्रथम सालीचे थर पसरावयाचे व त्यांवर गवताळ मातीचीं ढेपें रचावयाचीं, अशी तेथें रीति होती. मातीच्या भारानें साल जागच्या जागीं राही आणि गवतामुळें घराला ऊब मिळे. याच सालीच्या पट्ट्या विणून टोपल्या, पाठीवरच्या पिशव्या, मिठाचे डबे आणि पायांतले जोडेहि करीत. साल काढण्याचा काळ ठरलेला असे. भर उन्हाळ्यांत झाडांत रस खेळत असतो, त्या वेळीं ती सहज सुटते. फक्त बाहेरचे थर उतरवून आंतल्या सालीला धक्का लागूं दिला नाहीं तर झाड जगतें. हा हात वडिलांकडून मुलाकडे येई. झाड मारून साल घेणारास अडाणी समजत.

घराच्या भिंती ओंडक्यांच्या. ओंडक्यांच्या टोकांना खांचा पाडून ते कोपऱ्यावर एकमेकांत बसवीत व मधल्या फटींत शेवाळ दाबून भरीत. बाहेरून या भिंतींना जो तांबडा रंग देत, त्याची हकीकत मोठी मनोरंजक आहे. स्वीडनमधील फालुन येथें तांब्याची एक फार जुनी खाण होती. सतराव्या शतकांत युरोपला लागणाऱ्या तांब्याचा मोठा भाग तेथून येई. त्या खाणीच्या टाकाऊ मातीपासून हा लोहयुक्त तांबडा रंग निघतो. तो पाण्यांत राय नांवाच्या धान्याच्या पिठाबरोबर शिजवून त्यांत जवसाचें तेल घालीत. प्रथम सरदार व श्रीमंत लोक आपलीं लांकडी घरें विटांच्या वाड्यांसारखीं दिसावींत म्हणून तो वापरीत. पण तो स्वस्त आहे व लांकडाचें हवेपासून रक्षण करतो असें दिसून आल्यावर शेतकऱ्यांनींहि तो उचलला. खाण १९९२ सालीं बंद झाली. रंग मात्र तेथील मातीपासून अजूनहि तयार होतो, आणि हिरव्या अरण्यांत व पांढऱ्या हिमांत उठून दिसणारें तांबडें घर ही स्वीडनची जणुं ओळखच होऊन बसली आहे.

घराच्या आंत एकच मोठी खोली असे. बांके भिंतींना कायमचीं जोडलेलीं, बिछाने कपाटासारखे भिंतींत बसविलेले, मेज खिडकीपाशीं. मधली जागा मोकळी. कारण तेथें माग मांडावयाचा, लांकूड तासावयाचें आणि लग्नकार्यांत नाचावयाचें. सामान थोडें आणि प्रत्येक सामानाला काम, ही शिस्त गरजेनें लावली होती. ऊब कशी राखावी हा तर सरकारच्याहि चिंतेचा प्रश्न होता. सरपणाची टंचाई भासूं लागली तेव्हां १७६७ मध्यें क्रूनस्टेट व व्रेडे या दोघां स्वीडिश गृहस्थांनीं शेगडीची एक नवी रचना सिद्ध केली. तींत धूर सरळ बाहेर न जातां विटांच्या वळणावळणाच्या नळ्यांतून खालवर फिरतो व आपली उष्णता विटांना देऊन मग बाहेर पडतो. शेगडी एकदां पेटविली कीं कित्येक तास खोली उबदार राही. बाहेरून तिला चित्रांकित चिनी मातीच्या लाद्यांनीं मढवीत, आणि त्यामुळें जी वस्तु केवळ ऊब देण्यासाठीं होती तीच खोलीचें भूषण झाली. उपयोग आधीं व शोभा मागाहून, परंतु शोभा उपयोगाच्याच अंगावर: या घरांतील बहुतेक वस्तूंचा इतिहास असाच आहे.

उदाहरणार्थ, स्वीडनमधील रिया किंवा फिनलंडमधील रुइयू घ्या. आज ही भिंतीवर टांगण्याची मोलाची कलावस्तु समजली जाते. मूळ ती म्हणजे पांघरूण. मागावर विणतां विणतां लोकरीच्या आंखूड दोऱ्यांच्या गांठी मारून एका बाजूस दाट लव ठेवीत आणि ती लवेची बाजू अंगाकडे करून झोंपत. समुद्रावर व बेटांवर राहणाऱ्या लोकांना मेंढीचीं कातडीं उपयोगीं पडत नसत. खाऱ्या पाण्यानें भिजलें कीं कातडें ताठ होई. लोकरीची रुइयू मात्र भिजली तरी मऊ राही. पुढें पांघरुणाला रंग आले. भूर्जाच्या पानांपासून पिवळा, मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांपासून तांबडा, दगडफुलापासून तपकिरी. आणि निळा रंग पाहिजे असेल तर दूरदेशची नीळ, जिच्या युरोपीय नांवांतच आपल्या देशाचें नांव गुंतलेलें आहे. मग फुलें आलीं, जीवनवृक्ष आला, वर्ष व नांवाचीं आद्याक्षरें आलीं, आणि ज्या वस्त्रानें आजोबांची थंडी भागली त्याच वस्त्रावर नातीचें लग्न लागूं लागलें. वधूवरांनीं रुइयूवर उभें राहावें किंवा गुडघे टेंकावे अशी चाल पडली. नंतर ती भिंतीवर चढली.

दुसरें उदाहरण चिंध्यांच्या सतरंजीचें. फाटक्या कपड्यांच्या पट्ट्या काढून त्यांचा बाणा व सुताचा ताणा करून विणलेल्या लांब सतरंज्या आज त्या देशांत घरोघर दिसतात. पण त्या फार प्राचीन नाहींत. पूर्वीं कापडाचा तुकडा इतका मोलाचा असे कीं, तो जमिनीवर अंथरणें कोणाच्या मनांतहि येत नसे. एकोणिसाव्या शतकांत गिरणीचें सूत स्वस्त झालें तेव्हां कोठें ही सतरंजी सर्वसामान्य घरांत आली. तरीहि तिच्यांतील बुद्धि जुनीच आहे. एका घरांतले लुगडीं, धोतरें व मुलांचे सदरे गोधडींत एकत्र येतात हें आपण जाणतों. तेथेंहि वडिलांचा कामाचा सदरा व मुलीचा झगा सतरंजीच्या पट्ट्यांत शेजारीं शेजारीं बसतात. फिनलंडमध्यें उन्हाळा आला कीं या सतरंज्या पाण्याकाठच्या लांकडी धक्क्यांवर नेऊन पाईनच्या साबणानें घासून धुण्याची चाल आहे, आणि हेलसिंकीसारख्या राजधानीच्या शहरांतहि त्यासाठीं मुद्दाम धक्के बांधलेले आहेत.

स्वीडनच्या मध्यभागीं दालार्ना नांवाचा प्रांत आहे. तेथील अरण्यांत लांकूडतोडे हिवाळाभर राहत आणि संध्याकाळीं उरल्यासुरल्या तुकड्यांतून मुलांसाठीं घोडे कोरीत. घोडा हा त्यांच्या कामांतला सोबती. त्याचेंच खेळणें करावयाचें हें स्वाभाविक होतें. त्या घोड्याला तांबडा रंग देऊन त्यावर फुलापानांचा खोगीर रंगविण्याची पद्धति पडली. त्याच प्रांतांतील फिरस्ते चित्रकार घरांच्या भिंतींवर व पेटाऱ्यांवर बायबलांतील कथा रंगवीत. मात्र त्यांतले राजे व संत दालार्नांतल्याच शेतकऱ्यांचे कपडे घालून वावरत. आपल्या चित्रकथींतील रामलक्ष्मण पाहिलेल्या माणसास यांत आश्चर्य वाटणार नाहीं. चित्रांत जी मोठी पानाफुलांची वेल डोलतांना दिसते तिला त्यांच्या भाषेंत भोपळ्याच्या वेलावरूनच नांव पडलें आहे. थंड प्रदेशांतील त्या चित्रकारांनीं बायबलांतील योनाच्या कथेंतील वेल आपल्या कल्पनेनें वाढविला. १९३९ सालीं न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनांत स्वीडनच्या दालनापुढें असा एक प्रचंड घोडा उभा केला होता. तेव्हांपासून हें मुलांचें खेळणें त्या देशाचें चिन्ह होऊन गेलें.

येथपर्यंतची कथा सुखाची आहे. आतां दुसरी बाजू पाहिली पाहिजे. एकोणिसाव्या शतकांत गिरण्या व रेलगाड्या आल्या. १८४६ मध्यें स्वीडनमधील कारागिरांचीं जुनीं मंडळें कायद्यानें मोडलीं. धंदा करण्यास पूर्वींपेक्षां अधिक मोकळीक झाली. गिरणीचें कापड घरच्या कापडापेक्षां स्वस्त पडूं लागलें. छापील कागदांनीं रंगविलेल्या भिंती झांकल्या. आजीचा पेटारा गांवंढळ वाटूं लागला व शहरांतील पॉलिश केलेल्या मेजाची हौस सुरू झाली. कित्येक रुइया घोड्यांच्या पाठीवर पडल्या, कित्येक पेटारे चुलींत गेले. जी विद्या ग्रंथांत लिहिलेली नसते, फक्त हातांत असते, ती एका पिढीनें हात आखडला कीं संपते. उत्तरेकडील देशांत ही पिढी येऊन ठेपली होती.

ती घटका ओळखणारीं माणसें तेथें निघालीं हें त्या देशांचें भाग्य. आर्तुर हाझेलियुस हा स्वीडिश भाषेचा विद्वान १८७२ मध्यें दालार्नांत प्रवासास गेला असतां जुने वेष व जुन्या वस्तु डोळ्यांदेखत नाहींशा होत आहेत असें त्यास आढळलें. त्यानें त्या विकत घेण्यास प्रारंभ केला, १८७३ मध्यें स्टॉकहोमांत संग्रहालय उघडलें, आणि १८९१ मध्यें तर ‘स्कान्सेन’ या टेंकडीवर सबंध घरेंच ओंडक्यांसकट उचलून आणून पुन्हां उभीं केलीं. उघड्या आकाशाखालचें असें संग्रहालय ही कल्पना पुढें जगानें उचलली.

परंतु संग्रहालयानें वस्तु वांचते, विद्या वांचत नाहीं. ती वांचविण्याचें काम मुख्यतः स्त्रियांनीं केलें. स्वीडनमध्यें सोफी आड्लेरस्पारे या विदुषीच्या पुढाकारानें १८७४ मध्यें हस्तकलेच्या मित्रांची संस्था निघाली. फिनलंडमध्यें फॅनी खुर्बेर्ग या चित्रकर्त्रीनें १८७९ मध्यें तशीच संस्था स्थापिली. पुढें १८९९ मध्यें लिली झिकरमन या बाईंनीं स्वीडिश गृहोद्योगाची संस्था काढली. झिकरमनबाईंची दृष्टि फार व्यवहारी होती. जुन्या विणकामाची नुसती स्तुति करून विणकरणीचें पोट भरत नाहीं, हें त्या ओळखून होत्या. म्हणून त्यांनीं स्टॉकहोमांत दुकान काढलें, उत्तम सूत व पक्के रंग पुरविले, हिणकस माल नाकारला आणि खेड्यांतील स्त्रियांच्या कामास योग्य मोल मिळावें याची व्यवस्था लावली. शिवाय १९१४ पासून १९३१ पर्यंत गांवोगांव फिरून त्यांनीं जुन्या वस्त्रांची छायाचित्रांसह नोंद केली. अशा नोंदी सुमारें २४,००० आहेत. आज एखाद्या विणकरणीस आपल्या तालुक्यांतील पणजीचा नमुना पाहिजे असेल तर तो त्यांत सांपडतो.

तिसरा उपाय शाळेचा. फिनलंडमधील प्राथमिक शिक्षणाचा जनक ऊनो सिग्नेयुस यानें हातकाम हा शिक्षणाचाच भाग मानला, आणि १८६६ च्या नियमांनीं खेड्यांतील शाळांत मुलग्यांना तें सक्तीचें झालें. मुलगा सुतार व्हावा हा त्यांतला हेतु नव्हता. त्याची नजर, हात व धीर हीं तयार व्हावींत हा हेतु होता. स्वीडनमध्यें ऑटो सालोमोन यानें नेस येथें या विषयाच्या शिक्षकांसाठीं वर्ग चालविले व अनेक देशांतून शिक्षक तेथें येऊं लागले. वर्ध्यास १९३७ मध्यें महात्मा गांधींनीं मूलोद्योगाभोवतीं शिक्षणाची उभारणी करण्याची योजना मांडली, तेव्हां जो विचार आपल्याकडे नवा वाटला, त्याच जातीचा विचार उत्तरेकडील खेड्यांत सत्तर वर्षांपूर्वीं शाळेच्या वेळापत्रकांत जाऊन बसला होता.

जुनें राखण्याबरोबर नवें घडविण्याचेंहि काम चालूं होतें. कार्ल लार्सन या चित्रकाराला व त्याची पत्नी कारिन हिला १८८८ मध्यें कारिनच्या वडिलांनीं दालार्नांतील सुन्दबोर्न गांवचें एक लहान घर दिलें. कारिन स्वतः चित्रकला शिकलेली होती. लग्नानंतर तिनें कुंचला ठेवून माग धरला. गांवच्या सुतारांकडून तिनें आपल्या आराखड्याचें सामान करवून घेतलें, पडदे व मेजावरचीं वस्त्रें स्वतः विणलीं, खिडकींत फुलझाडांच्या कुंड्या ठेविल्या, आणि शहरांतील अंधाऱ्या जड दिवाणखान्याऐवजीं उजेडाचें, रंगीत व मुलाबाळांचें घर उभें केलें. कार्लनें त्या खोल्यांचीं जलरंगांत चित्रें काढलीं व १८९९ मध्यें तीं ‘एक घर’ या नांवानें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलीं. त्या पुस्तकानें सबंध देशाची अभिरुचि बदलली. त्याच वर्षीं एलेन के या लेखिकेचें ‘सर्वांसाठीं सौंदर्य’ हें पुस्तक निघालें. घरांतील सौंदर्य ही श्रीमंतांची चैन नाहीं, मजुराच्या एका खोलींतहि तें असलें पाहिजे, आणि जी वस्तु आपलें काम नीट करीत नाहीं ती सुंदर म्हणतां येणार नाहीं, असें त्यांचें प्रतिपादन होतें.

हा विचार बोलण्यास सोपा, आचरण्यास कठीण. १९१७ मध्यें स्टॉकहोमांत लहान घरांच्या सजावटीचें एक प्रदर्शन भरलें. त्यासाठीं विल्हेल्म कोगे या कलावंतानें निळ्या फुलांच्या नक्षीचीं चिनी मातीचीं भांडीं मुद्दाम कामगारांसाठीं योजिलीं होतीं. भांडीं नांवाजलीं गेलीं. पण तीं विकत घेतलीं मुख्यतः सुशिक्षित मध्यमवर्गानें. कामगारांना हवी होती श्रीमंतांच्या घरासारखी सोनेरी कांठाची थाटाची बशी! साधेपणाची गोडी ज्याच्या वांट्यास सक्तीचा साधेपणा आला त्याला लौकर लागत नाहीं, ही गोष्ट सर्वच सुधारकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तरी प्रयत्न थांबले नाहींत. ग्रेगोर पाउल्सन यानें १९१९ मध्यें ‘रोजच्या वापरांतील अधिक सुंदर वस्तु’ या नांवाचें पुस्तक लिहून कलावंतांना कारखान्यांत पाठवावें असें सांगितलें, व तसे कलावंत कारखान्यांत गेलेहि.

कारखाना व अरण्य यांची सांगड कशी घालावी याचें सर्वांत उत्तम उदाहरण फिनलंडचा वास्तुकार आल्वार आल्टो यानें घालून दिलें. पाइमिओ येथील क्षयरोग्यांच्या इस्पितळाचें काम १९३३ मध्यें पुरें झालें. त्या काळीं पोलादी नळ्यांच्या खुर्च्यांची युरोपांत चलती होती. आल्टोला त्या रुचल्या नाहींत. पोलाद अंगाला गार लागतें, डोळ्यांवर चमकतें आणि रोग्याला परकें वाटतें. त्यानें देशांतलें भूर्जाचें लांकूड घेतलें. पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून व वांकवून त्यानें अशी खुर्ची केली कीं, ती दबते, पण मोडत नाहीं. आणि तिच्या पाठीचा कोन रोग्याला मोकळा श्वास घेतां यावा असा ठेविला. तिवईच्या पायासाठीं त्यानें निराळी युक्ति योजिली. भूर्जाच्या सरळ दांड्याच्या टोकाला उभे बारीक काप घ्यावयाचे, त्या कापांत गोंद लावलेले पापुद्रे सरकवावयाचे आणि मग तें टोंक काटकोनांत वांकवावयाचें. असे तीन पाय एका गोल फळीला जोडले कीं तिवई झाली. १९३३ मध्यें घडलेली ही तिवई आजहि तयार होते. तिवयांवर तिवया रचून ठेवतां येतात. १९३५ मध्यें आल्टो, त्याची पत्नी आइनो व त्यांचे दोन सहकारी यांनीं ‘आर्टेक’ ही संस्था काढून हें सामान घरोघर पोंचविलें. आइनो आल्टोनें १९३२ मध्यें योजिलेले काचेचे पेले असेच साधे आहेत. पाण्यांत खडा टाकल्यावर उठणारीं वलयें एवढीच त्यांवर शोभा. छपरावर साल पसरणाऱ्या शेतकऱ्यांत व आल्टोंत शतकांचें अंतर आहे. परंतु आपल्या दाराशीं उगवणाऱ्या झाडाचा स्वभाव ओळखून त्याच्याकडून काम घ्यावें, ही बुद्धि दोघांची एकच.

या कौतुकांत एक सावध राहण्याची जागा आहे. उत्तरेच्याहि उत्तरेस सामी नांवाचे लोक राहतात. रेनडियर पाळणें हा त्यांच्यांतील कित्येकांचा पिढीजाद व्यवसाय. भूर्जाच्या गांठीपासून कोरलेला पेला, शिंगाच्या मुठीचा सुरा, कथलाच्या तारेनें भरलेलें कातड्याचें काम, विणलेल्या रंगीत फिती या त्यांच्या वस्तु अत्यंत देखण्या असतात. प्रवाशांची त्यांवर उडी पडूं लागली तशी नकलांनीं बाजार भरला, आणि ज्यांची ही कला त्यांच्याच हातीं कांहीं येईना. म्हणून सामी लोकांनीं १९८२ पासून आपल्या खऱ्या कामावर स्वतःचें चिन्ह लावण्यास सुरुवात केली. कलेचें कौतुक वाढलें म्हणजे कारागीर सुखी होतोच असें नाहीं. कित्येकदां कौतुकाचें सर्व लोणी तिसराच खातो.

आणि मूळचा पेंच तर तिकडेहि अजून सुटलेला नाहीं. हातानें विणणारीस पुरतें मोल द्यावें तर वस्तु महाग होऊन श्रीमंतांच्याच घरीं जाते. यंत्रानें स्वस्त करावी तर विणणारीचा हात रिकामा होतो. उत्तरेकडील लोकांनीं दोन्ही वाटा चालूं ठेवल्या, एवढेंच त्यांचें शहाणपण. रोजच्या गरजेचें सामान कारखान्यांत होऊं दिलें, पण तें कलावंताच्या नजरेखालून. आणि हातकाम शाळेंत, संस्थांत व घराच्या एका कोपऱ्यांत जिवंत ठेवलें, त्यासाठीं मोल मोजलें. स्वस्त सामान दहा वर्षांत फेंकून द्यावें लागलें तर तें स्वस्त कसलें, हा प्रश्न तेथील विचारी माणसें आज स्वतःच विचारूं लागलीं आहेत.

आपण यांतून काय घ्यावें? भूर्जाची तिवई दिवाणखान्यांत आणून ठेवल्यानें आपलें घर उत्तरेकडील होणार नाहीं, व व्हावें असेंहि नाहीं. त्यांची फिकी भिंत ही काळोखावरची तोड आहे; आपल्यापुढें चार महिन्यांचा पाऊस व आठ महिन्यांचें ऊन आहे. त्यांच्याकडून घेण्याजोगी आहे ती विचारण्याची रीति: आमच्या हवेला काय मानवतें, आमच्या मातींत काय उगवतें, आमच्या माणसांच्या हातांत काय आहे? या प्रश्नांचीं उत्तरें आपल्याकडे पुष्कळ आहेत. धनगराची घोंगडी आहे. तिनें पाऊस व थंडी दोन्ही झेललीं. सावंतवाडीचीं लांकडीं खेळणीं आहेत. आजीची गोधडी आहे. बांबू व वेत यांचें काम आहे. फक्त त्यांची जागा बदलली आहे. घोंगडी प्रदर्शनांत दिसते, पलंगावर दिसत नाहीं. लांकडी फळें कपाटाच्या काचेमागें आहेत, मुलांच्या हातांत नाहींत.

रुइयू वांचली ती भिंतीवर टांगली म्हणून नव्हे, तर विणणारीला मागाशीं बसणें परवडलें म्हणून. तेव्हां घर लावतांना एक घोंगडी किंवा एक वेताची टोपली आणावी, ती रोज वापरावी, झिजली कीं पुन्हां त्याच कारागिराकडून घ्यावी, आणि किंमत ठरवितांना घासाघीस करण्यापूर्वीं ती करावयास किती दिवस लागले एवढें विचारावें. आणि मुलांना सुटींत एकदां तरी सुतारापाशीं किंवा विणकरापाशीं बसूं द्यावें. हाताची विद्या पाहूनच येते, आणि ती दाखविणारे हात आपल्याकडे अजून आहेत.